शंखजिऱ्याच्या जागी रांगोळी

माझ्यावर सगळ्यात मोठे उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मला आठवावं लागत नाही. माझ्या थोरल्या वहिनीचे. आज मी परळच्या एका मराठी शाळेत विज्ञान शिकवतो, खिशात खडू असतो आणि मुलं मला सर म्हणतात, ते तिच्यामुळे.

आम्ही करमाळ्याचे. आई गेली तेव्हा मी प्राथमिक शाळेत होतो. पुढच्याच वर्षी भावाचं लग्न झालं आणि वहिनी घरात आली. भावाचं ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज होतं, अजून आहे. वहिनी सातवीपर्यंत शिकलेली. ती बाजाराच्या दिवशी रांगोळी विकायला बसायची. शिरगोळ्याचे पांढरे खडे घाऊक आणून उखळात कुटायची आणि जुन्या धोतराच्या फडक्यातून चाळायची. पहिल्या चाळणीचं पीठ ती बाजूला काढायची. "लई बारीक झाली की बोटाला चिकटती, लई जाड राहिली की रेघ तुटती," असं म्हणायची आणि चिमूट माझ्या हातात द्यायची. शाळेतून आल्यावर माझं काम तेच होतं. रेघ ओढून बघायची आणि तिला सांगायचं, झाली का नाही.

वहिनीला प्रश्न फार पडायचे. एकदा तिने बांधावरची गारगोटी उचलली आणि मला म्हणाली, "शिरगोळाबी पांढरा, हीबी पांढरी. त्यो कुटतो, ही मुसळाला दाद देत न्हाई. असं का?" मला माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी शाळेत गुरुजींना विचारलं. त्यांनी मला गारगोटीने खिडकीच्या काचेवर ओरखडा काढायला लावला आणि मग शिरगोळ्याने. गारगोटीने काच चिरली, शिरगोळ्याने काहीच झालं नाही. घरी येऊन मी वहिनीला हे करून दाखवलं. आमच्या आरशाच्या कोपऱ्यावर तो ओरखडा अजून आहे. खनिज म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं असं म्हणणार नाही, पण कळून घ्यायची सवय तिथे लागली.

बारावीनंतर घरात ठरलं होतं की मी गॅरेजात जायचं. वहिनी भावाला म्हणाली, "ह्याच्या फीचं मी बघते. तुम्ही तुमचे पाने बघा." भाऊ हसला आणि कबूल झाला. मी सोलापूरला भूशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालो, मग बी.एड. केलं, शिक्षक पात्रता परीक्षा पास झालो. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. पण शाळेत नोकरी मिळेना. म्हणून मुंबईला आलो. दादरला एका खाजगी क्लासमध्ये तासावर शिकवायला लागलो आणि लालबागच्या एका चाळीत मालवणकडच्या काकूंकडे पोटभाडेकरू म्हणून राहू लागलो. काकूंचा मुलगा माझ्याच वयाचा होता. कुठल्याशा कंपनीची बस चालवायचा आणि उरलेला वेळ चाळीच्या गॅलरीत कॅरम खेळायचा. तो मला पहिल्या दिवसापासून मास्तर म्हणायचा.

दुसरं वर्ष अर्धं सरलं तेव्हा भावाचा फोन आला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता, काळजी होती. "संक्रांतीपर्यंत बघ. न्हाई झालं तर ये परत. गॅरेजला माणूस लागतोय, किती दिवस जागा मोकळी ठेवू?" मी हो म्हणालो. त्याचं काही चुकत नव्हतं.

आणि संक्रांतीच्या तोंडावर परळच्या शाळेची जाहिरात आली. विज्ञानाचे शिक्षक निवृत्त झाले होते. मुलाखत झाली. शेवटी दोघे उरलो, मी आणि एक अनुभवी बाई. दोघांनी एकेक तास वर्गावर शिकवून दाखवायचा, त्यावर निवड. मला आठवीचा वर्ग मिळाला आणि विषय मिळाला खनिजांचे गुणधर्म व उपयोग. हा विषय ऐकल्यावर मला मनातून टुणकन उडी मारावीशी वाटली.

मुख्याध्यापिकाबाईंनी प्रयोगशाळेतली खनिजांची पेटी दाखवली. लाकडी पेटी होती, आत कप्पे होते, प्रत्येक कप्प्यात एक खडा होता. नावांच्या चिठ्ठ्या झुरळांनी खाल्ल्या होत्या. संस्थेचे एक वृद्ध विश्वस्त शेजारी उभे होते. गिरगावातलं जुनं घराणं, पांढरा शर्ट, बोलणं एकदम स्वच्छ. ते म्हणाले, "ही शहरातली मुलं आहेत हो. दगड बघितले की जांभया देतात. आमच्या आधीच्या सरांनी तर हा धडा घरी वाचायला सांगितला होता."

मी ठरवलं, पेटी उघडायचीच नाही. या मुलांच्या घरात, गल्लीत, दुकानात जी खनिजं आहेत तीच आणायची.

ते दोन दिवस माझ्या मुंबईतल्या सगळ्यात आनंदाच्या दिवसांपैकी होते. आधी गिरगावात गेलो. खोताच्या वाडीपासून जवळच एक काष्ठौषधीचं जुनं दुकान आहे, छतापर्यंत बरण्या. मी मागायला लागलो. सैंधव द्या, पादेलोण द्या, गेरू द्या, तुरटीचा मोठा खडा द्या, शंखजिरे द्या. दुकानदार चष्म्यावरून बघत राहिला.

"पोट बिघडलंय की घरी कुणी बाळंतीण आहे?"

"शाळेत शिकवायचंय."

"मग मुलांना पादेलोण जास्त खाऊ घालू नका. वर्गात बसवणार नाही."

शंखजिऱ्याचा खडा त्याच्याकडे नव्हता, भुकटी होती. पांढरी, मऊसूत. बोटांत धरली की साबण धरल्यासारखी निसटायची. त्याने ती वर्तमानपत्राच्या पुडीत बांधून दिली. सगळ्या खनिजांत मऊ ते शंखजिरे, नखाने खरवडलं जाईल इतकं. मी त्याच्यावर धड्याचा शेवट बेतला होता.

तिथून भायखळ्याला गेलो. मंडईमागे जुन्या इस्त्र्या दुरुस्त करणारा बसतो. त्याच्याकडून अभ्रकाची पट्टी घेतली, इस्त्रीची तार जिच्यावर गुंडाळलेली असते ती. विजेलाही दाद देत नाही आणि उष्णतेलाही नाही. दादरला फरशीच्या दुकानात फुटकी टाइल मागितली, तिची मागची खरखरीत बाजू मला कस काढायला, म्हणजे खडा घासून रेघेचा रंग बघायला, हवी होती. दुकानातला पोऱ्या म्हणाला, "पुढची घ्या की, पुढची चांगलीये." परळच्या मूर्तीच्या कारखान्यातून प्लास्टरचा फुटका हात मिळाला, म्हणजे जिप्सम. घडीव देव्हारे विकणाऱ्याकडून संगमरवराची कपची. पेन्सिलीतलं ग्रॅफाइट तर खिशातच होतं.

घरी येऊन सगळं काकूंच्या फळीवर मांडलं. काकू येऊन बघून गेल्या. गेरूचा खडा उचलून म्हणाल्या, "ह्येका आमच्याकडे काव म्हणतत. तुळशीचा वृंदावन रंगवतत. ह्या शाळेत शिकवतत? मगे मी पण पास झालंय असतंय."

धड्याच्या आदल्या संध्याकाळी मी लिंबं आणायला आणि शर्ट इस्त्रीला द्यायला खाली गेलो. गॅलरीत कॅरमची फायनल चालू होती, दोन मजल्यांमधली. आरडाओरडा इतका की मी बाजूबाजूने वाट काढत गेलो आणि तसाच परत आलो. सकाळी फळीवरच्या पुड्या पिशवीत भरल्या आणि निघालो.

वर्गात मागच्या बाकावर मुख्याध्यापिकाबाई आणि ते विश्वस्त बसले होते. मी अभ्रकाने सुरुवात केली. पट्टी मुलांच्या हातात दिली आणि नखाने पापुद्रे सोडवायला सांगितले. एका पापुद्र्यातून दहा निघाले, दहांतून आणखी. मुलं एकमेकांच्या पापुद्र्यातून एकमेकांकडे बघायला लागली. मग गेरू टाइलच्या पाठीवर ओढला, लाल रेघ उठली. मग सैंधव चाखायला दिलं. एक मुलगा म्हणाला, "सर, तुरटीपण चाखू?"

"चाख. मग पुढच्या तासाला बाईंनी विचारलं तोंड असं का, तर सांग विज्ञान शिकलो."

वर्ग हसला. त्याने चाखली, आणि त्याचं तोंड बघून वर्ग पुन्हा हसला. कुणी जांभई देत नव्हतं. मी आतून सुखावलो. वाटलं, आता फक्त शेवट नीट गाठायचा.

मी पुडी सोडली आणि म्हणालो, "ही बघा, जगातल्या सगळ्यात मऊ खनिजाची भुकटी. शंखजिरे. तुमच्या अंगाला लावायच्या पावडरीत हेच असतं." पहिल्या बाकावरच्या मुलीला पुढे बोलावलं. "बोटांत चोळून सांग वर्गाला, कसं वाटतं. साबणासारखं वाटेल."

तिने चोळलं. "नाही वाटत, सर."

"नीट चोळ."

तिने नीट चोळलं. "खरखरीत आहे, सर." मग चिमूट नाकाजवळ नेऊन बघितली आणि अगदी स्वच्छ आवाजात म्हणाली, "सर, ही रांगोळी आहे."

वर्गात हशा फुटला. मागून आवाज आला, "सर, दिवाळी गेली की!" विश्वस्तांनी पायावरचा पाय काढून खाली ठेवला आणि पुढे झुकले. दुकानात मी स्वतः चोळून बघितली होती. मग हे काय होतं?

मी पुडीत बोटं घातली. आणि डोक्याने काही ठरवायच्या आधी हाताने ठरवलं. चिमूट भरली, टेबलावर हात फिरवला आणि पांढरी रेघ सरळ सुटत गेली, कुठेही न तुटता. शंखजिऱ्याची अशी रेघ ओढता येत नाही. ते बोटाला चिकटून बसतं आणि पडलं तर गोळ्याने पडतं. करमाळ्याच्या ओसरीवर ही रेघ मी शेकडो वेळा ओढली होती. ही रांगोळीच होती, आणि बऱ्यापैकी चाळलेली.

त्या क्षणी मला दोन रस्ते दिसले. पुडी गुंडाळून पुढच्या मुद्द्यावर जाणं हा एक. मी दुसरा घेतला.

"ही म्हणते रांगोळी," मी वर्गाला म्हणालो. "मी म्हणालो शंखजिरे. कोण खरं? मी सर आहे म्हणून माझं खरं धरायचं नाही. पुरावा मागा."

मग ती मुलगीच म्हणाली, "पण सर, खरं शंखजिरे कुठाय? नसेल तर कशाशी ताडून बघायचं?"

"कुणाकडे अंगाला लावायची पावडर आहे?"

मग शेवटच्या बाकावरच्या दांडग्या मुलाला शेजाऱ्याने कोपर मारलं. तो लाजत उठला आणि दप्तरातून छोटा डबा काढला. "खेळून आल्यावर लावतो, सर. घामाचा वास येतो म्हणून." यावर जो हशा झाला त्यात मुख्याध्यापिकाबाईही होत्या.

पुढचा सगळा धडा मुलांनी घेतला. फळ्यावर मी नुसते दोन रकाने आखले. चोळून बघितलं, एक निसटतं, दुसरं खरखरतं. रेघ ओढली, एक गोळ्याने पडतं, दुसरं सुटतं. पाचसहा मुली पुढे आल्या आणि टेबलावर रेघा ओढायला लागल्या. मुलगेही आले, त्यांच्या रेघा वाकड्या आल्या, त्यावरून भांडणं झाली. मग मी लिंबू कापलं. ते संगमरवरासाठी आणलेलं होतं. दोन झाकणांत दोन भुकट्या घेतल्या आणि त्या मुलीला पिळायला सांगितलं. पावडरीवर रस नुसता पसरला. रांगोळीवर पडताच बारीक फेस आला आणि चुरचुर आवाज झाला. पुढच्यांनी कान लावले. मागचे बाकावर चढले. मग संगमरवराची कपची खरवडून तिच्या भुकटीवर पिळलं. तिथेही चुरचुर.

"म्हणजे रांगोळी आणि देवळातली फरशी एकाच घरातली!" तो पावडरवाला मुलगा ओरडला.

"आणि सर हरले!" दुसरा ओरडला.

"हरलो," मी म्हणालो. "जिंकली तिच्यासाठी टाळ्या."

त्या टाळ्या शेजारच्या वर्गापर्यंत गेल्या असाव्यात, कारण तिथल्या बाई दारात येऊन उभ्या राहिल्या. घंटा झाली तरी मुलं उठेनात.

बाहेर आल्यावर विश्वस्तांनी मला थांबवलं. "एक विचारू? पुडीत रांगोळी मुद्दाम आणली होतीत?"

हो म्हणणं सोपं होतं, आणि शोभूनही दिसलं असतं.

"नाही सर. मी शंखजिरेच घेतलं होतं. ही रांगोळी कुठून आली, मला अजून कळलेलं नाही."

ते मोठ्याने हसले. "बरं झालं. ठरवून केलेला गोंधळ मुलं लगेच ओळखतात हो. या, कळवतो आम्ही."

संध्याकाळी चाळीत पोचलो तर गॅलरीत काकूंच्या मुलाच्या गळ्यात झेंडूचा हार होता. आमचा मजला जिंकला होता आणि सत्कार चालू होता. मी पिशवी ठेवली आणि काकूंना सहज म्हणालो, "माझ्या पांढऱ्या पुडीत रांगोळी कशी आली, कळत नाही."

काकूंनी मुलाकडे बघितलं. मुलाने हाराकडे बघितलं.

"मास्तर, ऐक ना," तो म्हणाला. "काल फायनलला बोर्ड सरकतच नव्हता रे. बोरिक संपलेली. दुकान बंद. फळीवर तुझी पांढरी पावडर दिसली. टाकली. काय सांगू, स्ट्रायकर असा पळाला! क्वीन कव्हर केली ती तुझ्या पावडरीवर."

"आणि रांगोळी?"

"ती आईच्या डब्यातली. रिकामी पुडी ठेवली असती तर चोरी झाली असती. आपण चोर नाय. जेवढी घेतली तेवढी भरून ठेवली, वर थोडी जास्तच. पांढऱ्याला पांढरी."

काकूंनी कपाळावर हात मारला. "मेल्या, पोराची नोकरी होती त्या पुडियेत! माका इचारूक काय झाला होता तुका?"

"नोकरी होती तर त्याने कपाटात ठेवायची ना! फळीवर कोण नोकरी ठेवतं?"

मी इतका हसलो की मला खाली बसावं लागलं. मग तिथेच बोर्डाशी बसून मी त्यांना सांगितलं की शंखजिऱ्याचेही अभ्रकासारखे पापुद्रे असतात, फक्त फार बारीक, आणि ते एकमेकांवरून घसरतात म्हणून स्ट्रायकर पळतो. हार घातलेल्या माणसाने एवढं मन लावून ऐकलेलं मी पहिल्यांदा बघितलं. रांगोळी टाकली असती तर काय झालं असतं, असं त्याने विचारलं. मी म्हणालो, बोर्डाची पॉलिश गेली असती आणि तुझा हार वरच्या मजल्याला मिळाला असता.

ते बोलणं चालू असतानाच फोन वाजला. मुख्याध्यापिकाबाई होत्या. "उद्या सकाळी कागदपत्रं घेऊन या. नेमणुकीचं पत्र तयार ठेवते. आणि हो, आठवीची मुलं विचारतायत, ते लिंबूवाले सर परत कधी येणार."

मी फोन ठेवला. काकूंना चेहऱ्यावरूनच कळलं. त्यांनी माझ्या हातावर साखर ठेवली. मुलाने गळ्यातला हार काढून माझ्या गळ्यात घातला आणि गॅलरीभर ओरडला, "आपला मास्तर पर्मनंट!" वरच्या मजल्यावरून कुणीतरी थाळी वाजवली. फायनलला हरलेला मजला तो, पण तेही खाली आले.

मग मी घरी फोन लावला. भावाने घेतला. "लागलो," एवढंच म्हणालो. मग तो म्हणाला, "थांब, तिला देतो." वहिनी फोनवर आली. मी भराभर सगळं सांगितलं, रांगोळी, लिंबू, टाळ्या. ती ऐकत होती. शेवटी म्हणाली, "पर लिंबानं फेस का येतोय, ते न्हाई सांगितलंस. आन् फोनवर नको सांगू. फोन ठिवला की बोललेलं ऱ्हात न्हाई. पत्र लिही."

मी लिहिलं. ते असं:

तीर्थरूप वहिनीस,

तुझ्या पायांवर डोकं ठेवून लिहायला बसलो आहे.

नेमणुकीचं पत्र आज हातात आलं. त्याची प्रत सोबत पाठवतो आहे. त्यात माझ्या नावापुढे सहशिक्षक असं लिहिलं आहे. भाऊला म्हणावं, माझी वाट बघू नकोस, गॅरेजला चांगला माणूस ठेव. आणि त्याने माझ्यासाठी इतके दिवस जागा धरून ठेवली, ते मी विसरणार नाही, हेही सांग. त्याला तोंडावर सांगायला मला जमत नाही.

आता तुझा प्रश्न. तू जो दगड कुटतेस तो नुसता दगड नाही. त्यात चुन्याबरोबर एक वायू घट्ट बांधलेला आहे. आपण श्वास सोडतो तेव्हा बाहेर पडतो तोच. दगडात तो डांबून ठेवल्यासारखा असतो, म्हणून दिसत नाही की कळत नाही. लिंबाचा रस आंबट असतो. तो रांगोळीवर पडला की ती बांधणी सुटते आणि आतला वायू बुडबुडे होऊन निघून जातो. तोच फेस. अख्ख्या खड्यावर पिळलंस तर हळूहळू येईल, कुटलेल्यावर लगेच येईल, कारण कुटल्यावर रसाला शिरायला जागा जास्त मिळते. म्हणजे वर्गात जे जमलं, ते तू इतकी वर्षं करतेस त्या कुटण्यामुळेच जमतं.

माझा तास बघायला बसलेल्यांनी आज पत्र देताना मला विचारलं की मुलांना असं विचारतं करणं मी कुठे शिकलो. मी तुझं सांगितलं. आमच्या वहिनीला प्रश्न पडायचे आणि उत्तरं शोधायची माझी पाळी असायची, असं म्हणालो. त्यांनी मान डोलावली.

हे तू स्वतः करून बघ. काचेच्या भांड्यात चमचाभर रांगोळी घे आणि अर्धं लिंबू पिळ. कान जवळ ने, चुरचुर ऐकू येईल. मग दुसऱ्या भांड्यात मीठ घेऊन त्यावर पिळ. काही होणार नाही. मग तिसऱ्यात खायचा सोडा घे आणि पिळ. तिथे रांगोळीपेक्षा जोरात फेस येईल, भांडं ताटात ठेव.

आता मी शिक्षक आहे, तेव्हा यापुढे सगळी उत्तरं मी देणार नाही. रांगोळीत आणि सोड्यात असं काय सारखं असेल, जे मिठात नाही? तू विचार कर आणि आधी मला लिही. चुकलं तरी चालेल.

तुझा दीर